भाज्यांचं टाइमटेबल

पोथीत चूक असू शकते, पंचांगात तर ती असतेच, पण रेल्वेच्या टाइमटेबलात चूक नसते, असं आमच्या अण्णांचं मत होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. लोणावळ्याच्या यार्डाच्या टोकाला एक उंच लाकडी केबिन होती, तिथे ते सिग्नलचे दांडे ओढायचे. खिशात घड्याळ, कानावर पेन्सिल आणि हाताशी हिरवा नि लाल असे दोन बावटे. घरी आले तरी त्यांच्या डोक्यातून गाड्या उतरायच्या नाहीत. मी शाळेतून उशिरा आले तर "शकू पंधरा मिनिटं लेट" आणि आमटीला उकळी फुटली की "सिग्नल पडला". आई अशा वेळी डाव खणकन आपटून त्यांच्या पानात वाढायची.

तेव्हा घाटात वाफेची इंजिनं होती. गाडी घाट चढून वर आली की आमच्या क्वार्टरातल्या कपबश्या फळीवर किणकिणायच्या. आईला शिट्टीवरून वेळ कळायची, कुठल्या शिट्टीला भात टाकायचा आणि कुठल्या शिट्टीला उतरवायचा हे तिचं ठरलेलं होतं. दोन खोल्या, वर कौलं आणि मागे परस. परस कसलं, आधीच्या भाडेकरूंनी मोडक्या खुर्च्या आणि फुटके हंडे टाकायला केलेली जागा. आई बार्शीकडची. तिच्या माहेरी पाऊस आला की लोक अंगणात येऊन बघत उभे राहायचे. इकडे तो आला की चार महिने उठायचं नाव घ्यायचा नाही. बरणीतल्या मिठाचं पाणी व्हायचं, पापड हातात धरला तर रुमालासारखा लोंबायचा, काड्यापेटी आई पोटाशी धरून निजायची. कपडे डालग्यावर पसरून खाली निखारे ठेवायचे, म्हणून शाळेत आम्हा सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास. पुण्याहून भाजी यायची ती पिवळी पडून, आणि ती संपली की मसुराची आमटी. मला हे सगळं फार आवडायचं. मी जन्माने तिकडची असले तरी मनाने पक्की बेडकी होते.

आईला मात्र एक गोष्ट खरोखर बोचत होती. माझा थोरला भाऊ वसंता मामांकडे बार्शीला शिकायला होता, आणि तिचा अर्धा जीव तिकडे. त्यात आदल्या वर्षी ऋषिपंचमीला तिची पंचाईत झाली. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाच्या हाताने लावलेलं तेवढंच खायचं. बाजारातली भाजी कुणाच्या कष्टाची हे कोण सांगणार? आईने सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारणीने दिलेली अळूची चार पानं खाऊन दिवस काढला. तेव्हापासून तिचं मन उठलं होतं. पुढच्या वैशाखात, जेवायला बसलो असताना, मसुराच्या आमटीचा डाव हातात तसाच धरून ती म्हणाली, "येत्या ऋषिपंचमीची भाजी आपल्या परसातून निघाली तर मी इथं राहीन. सात ऋषी, सात भाज्या. नाही निघाल्या, तर गणपती बोळवले की मी शकूला घेऊन वसंताकडे जाणार. तुम्ही खाणावळ लावा."

अण्णांचा घास हातातच राहिला. मी तर हादरलेच. बार्शीला जायचं म्हणजे शाळा गेली, धबधबे गेले, शिट्ट्या गेल्या आणि अण्णा गेले. अण्णा मात्र थोड्या वेळाने हसायला लागले. हात धुऊन त्यांनी जुन्या टाइमटेबलाचं एक कोरं पान फाडलं, कानावरची पेन्सिल काढली आणि तिथेच भिंतीला पाठ टेकून बागेचं टाइमटेबल आखायला घेतलं.

ते पान मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. डाव्या हाताचे वाफे 'अप', उजव्या हाताचे 'डाउन'. मग रकाने: बी, सुटण्याची तारीख, उगवण, पोहोचण्याची तारीख, आणि शेवटी लाल रेघेचा 'उशीर'. मेथी एकवीस दिवस, माठ तीस, मुळा चाळीस, भेंडी पन्नास, दोडका साठ. एक वाफा रिकामा झाला की त्यावर लगेच दुसरी भाजी, म्हणजे लाइन कधी मोकळी राहायची नाही. दिवसांचे आकडे त्यांनी मागाहून बार्शीच्या आपल्या चुलत्यांना पत्र लिहून, विचारून भरले. बियाही तिकडूनच आल्या, पुरचुंडीत बांधून, वर वसंताच्या अक्षरात नावं. आज माझ्या पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत आणि नातसुनेने बागकामाचं रंगीत पुस्तक आणून दिलंय, पण त्या पानाची सर त्याला नाही. त्या पानात एकच गोष्ट लिहायची राहिली होती, ती म्हणजे लोणावळा.

आम्ही तिघांनी, म्हणजे अण्णांनी, मी आणि कुदळीने, महिनाभर परस खणलं. अण्णांनी नऊ वाफे केले ते त्यांच्या लहानपणी बार्शीकडे पाहिले होते तसे. मधे खोलगट, चारी बाजूंनी वीतभर उंच बांध, म्हणजे पाण्याचा थेंब बाहेर जायला नको. बांध इतके सुरेख थापले होते की अण्णा संध्याकाळी चहा घेऊन नुसते बघत बसायचे. आई दारात येऊन बघायची आणि आत जायची. बी पेरून झालं, अण्णांनी पानावर 'सुटली' असं लिहिलं, आणि आठवड्याने पाऊस जो लागला तो दहा दिवस थांबला नाही.

अकराव्या दिवशी आमच्या परसात नऊ तळी होती. बांध इतके पक्के होते की एकही फुटला नाही. मेथीचं बी वर तरंगत होतं, मुळा कुठे गेला ते देवाला ठाऊक, आणि 'अप' लाइनीच्या दुसऱ्या वाफ्यात एक बेडूक असा ऐसपैस पोहत होता की जणू त्याने तिकीट काढलंय. मी हसत सुटले आणि हसता हसता रडायला लागले, कारण मला एकदम खाणावळीत एकटे जेवणारे अण्णा दिसले. अण्णा छत्री धरून उभे होते. त्यांनी पेन्सिल काढली आणि 'उशीर'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला, रद्द.

त्याच वेळी चांगुणामावशी आली. भुशीच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी होती, तिथून ती मोळी विकायला यायची. पावसात मोळी नसली तर रानभाजी आणायची. डोक्यावर इरलं, म्हणजे बांबूचा सांगाडा आणि त्यावर पानं लावलेलं, डोक्यापासून पाठीवर ओढून घेतलेलं पावसाचं छप्पर. तिने परसात डोकावून पाहिलं आणि मोठ्या कौतुकाने विचारलं, "भाऊ, खाचरं झ्याक बांधली की. आवण कुटंय?"

आवण म्हणजे भाताची रोपं. आमच्या अण्णांनी बार्शीच्या हिशोबाने मेथी-मुळ्याचे वाफे केले होते, आणि मावळात त्याला भाताचं खाचर म्हणतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ही भाताची नाही, भाजीची जागा आहे असं अण्णांनी सांगितल्यावर चांगुणामावशी जी हसायला लागली ती दाराची चौकट धरून खालीच बसली. तिच्या हसण्याने इरल्यावरचं पाणी माझ्या अंगावर उडालं. मग आई हसली. आई हसलेली पाहून अण्णाही हसले, आणि आम्ही चौघं भर पावसात नऊ तळ्यांच्या काठी उगीचच कितीतरी वेळ हसत राहिलो.

हसून झाल्यावर मावशीने पदराने डोळे पुसले आणि कामाला लागली. "तुमच्या तिकडं पानी धरून ठिवायचं आसंल. हितं त्याला वाट करून द्यायची. त्ये ऱ्हातंय कुटं, त्याला लय घाई आस्ती," असं म्हणत तिने कुदळ उचलली आणि अण्णांच्या लाडक्या बांधाला पहिलं खिंडार पाडलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. खोलगट वाफ्यांचे तिने उंच उंच गाद्यांसारखे वाफे करायला लावले, मधून पाणी पळायला चर. वाफ्याच्या पोटात पाणी मुरून खाली जायला काहीतरी भुसभुशीत हवं होतं. अण्णांनी शेडच्या साहेबांची परवानगी काढली आणि इंजिनाच्या भट्टीतली जळकी खडी पाट्या भरभरून आणली. तीन दिवस ते घरी यायचे ते नुसते डोळे आणि दात. खाली खडी, वर माती आणि शेणखत. वेलांना मांडव. मावशीने कारवीच्या काठ्या आणि वाडीतलं बियाणं आणलं. दोडका, पडवळ, घेवडा, लाल भोपळा. भोपळ्याचा वेल सरळ कौलांवर चढवायचा, तिथे पाणी ठरत नाही. न्हाणीघराच्या मोरीशी अळूचे कांदे. भेंडी, माठ आणि मक्याची चार ताटं उंच वाफ्यावर, आणि कोवळ्या रोपांवर झड लागली की जुनं इरलं उपडं घालायचं. अण्णा सगळं नव्याने टाइमटेबलात लिहून घेत होते. मावशीला त्यांनी विचारलं, दोडक्याला नक्की किती दिवस? ती म्हणाली, "येईल तवा येईल. तुमची गाडी हाय का ती?" अण्णांनी तेसुद्धा लिहून घेतलं.

मग सुरू झाले ते दिवस आठवले की मला आजही खुदकन हसू येतं. मी शाळेत जाताना अप आणि डाउन दोन्ही लाइनी तपासायची आणि आल्यावर पुन्हा. पहिलं पान फुटलं तेव्हा मी अर्धा मैल धावत केबिनपर्यंत गेले आणि खालून ओरडून सांगितलं. दुसऱ्या पानालाही गेले. तिसऱ्या पानाला अण्णांनी वरून बजावलं की पानागणिक येऊ नकोस, मला मालगाडी घ्यायचीय. मावशी येताना टाकळा, भारंगी असं काही ना काही आणायची, आणि आईला चुलीपाशी बसून ते शिजवायला शिकवायची. भारंगी कडू लागली म्हणून आईने तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली. मसुराचा डबा मागे सरकला.

एके सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला एक इरलं परसात बसलेलं दिसलं. ते हळूहळू घेवड्याकडून भेंडीकडे सरकत होतं, मधेच थांबत होतं, गवत उपटून मागे टाकत होतं. मला वाटलं, मावशी आज लवकर आली. तेवढ्यात पुढच्या दाराशी मावशीची हाक ऐकू आली. मग ते इरलं कुणाचं? मी मागच्या दाराने धावले. इरल्याखालून आईने माझ्याकडे पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखी म्हणाली की तिचं कानातलं हरवलंय, ते शोधतेय. दोन्ही कानांत कानातली होती. ती नंतर रोजच कानातलं शोधायला जाऊ लागली. तरी बार्शीला न जाण्याचं तिने तोंडातून काढलं नाही, आणि तिच्या तोंडून निघालेला शब्द फिरायचा नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी रोज भेंड्या मोजायची, रोज देवाला सातचा आकडा ऐकवायची आणि रोज एकदा न्हाणीघरात जाऊन रडून घ्यायची.

गणपती त्या वर्षी उशिरा आले, ते आमच्या दोडक्यांना सोयीचं झालं. चतुर्थीच्या दिवशी टाइमटेबलावर आठ भाज्या 'पोहोचल्या' होत्या. अण्णा तर सकाळपासून नुसते तरंगत होते. मोदक झाले, आम्ही आरतीला उभे राहिलो. अण्णांच्या हातात तबक, माझ्या हातात झांजा, आई हात जोडून. दुसऱ्या आरतीच्या मधेच मागून कडाड असा आवाज आला. आईने मान वळवून खिडकीतून पाहिलं. शेजारच्या गाडीवानाचा पांढरा बैल दावं तोडून आला होता आणि आमच्या भेंडीच्या वाफ्यात उभा राहून, डोळे अर्धवट मिटून, मका खात होता. उद्या ज्या भाजीला बैलाचा हातसुद्धा लागायला नको, तिच्यात बैल चारी पायांनी उभा!

आईने माझ्या हातातल्या झांजा हिसकावल्या. नेसूचा पदर खोचला आणि ती झांजा वाजवत परसात धावली. इतक्या जोराने त्या झांजा पुन्हा कुणी वाजवल्या नाहीत. बैलाने असला प्रकार जन्मात पाहिला नव्हता. तो गर्रकन वळला, वळताना त्याने माठाचा वाफा तुडवला, मांडवाचा एक खांब पाडला, आणि आई त्याच्या मागे, झांजांच्या तालावर ओरडत, "हो बाहेर! हो बाहेर म्हणते ना! माझी भाजी आहे ती!" बैल कुंपणातून गेला, आई रस्त्यापर्यंत गेली, शेजारपाजार बाहेर आला. अण्णा तबक हातात धरून देव्हाऱ्यापाशीच उभे होते. आरती त्यांनी सोडली नव्हती, पण कुठलं कडवं म्हणतोय याचं त्यांना भान नव्हतं. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ती 'माझी' म्हणाली?"

मी मान हलवली, पण माझं लक्ष वाफ्यांकडे होतं. मका संपला होता. भेंडीची झाडं आडवी झाली होती. माठाचा लगदा. संध्याकाळभर मी बोटांवर हिशोब करत होते आणि तो कुठूनही नीट येत नव्हता.

पंचमीला सकाळी आई न्हाऊन परडी घेऊन बाहेर आली. चांगुणामावशीही मुद्दाम आली होती, पण तिने काही तोडून द्यायचं नाही असं आईने तिला आधीच सांगितलं होतं. मी मागोमाग मोजत चालले. मोरीवरचा अळू, एक. पडवळ, दोन. कौलांवरून अण्णांनी शिडी लावून काढलेला कोवळा लाल भोपळा, तीन. घेवडा, चार. आडव्या झाडांना अजून तीन भेंड्या लटकत होत्या, पाच. चिखलातून मावशीने बोट दाखवलेले माठाचे दोन शेंडे, सहा. आणि कलत्या मांडवावर दोडके. तिथे एवढेसे दोन होते आणि पलीकडे, पानांच्या आड, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल असा एक थोरला. सात!

इथे अण्णांना काय सुचलं कुणास ठाऊक. शिडीवरूनच ते चाचरत म्हणाले की बैल वाफ्यांतून फिरला, त्याच्या खुरांनी माती उकरली गेली, तेव्हा ही भाजी बैलाच्या कष्टाची तर होत नाही ना? माझ्या मनात आलं, या माणसाला खाणावळीतच जेवायचंय. आईने परडी कमरेवर घेतली, वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "त्यानं खाल्लंय. कष्ट कुठे केलेत?"

मावशी इतकी हसली की तिला खोकला लागला. आईने दोन छोटे दोडके खुडले आणि ती वळली. मी म्हटलं, "अगं, तो मोठा राहिला."

"तो नाही तोडायचा. चिंधी बांधलीय, दिसत नाही?"

मी पानं बाजूला केली. देठाला खरंच एक चिंधी होती, आईच्या जुन्या तांबड्या लुगड्याच्या काठाची. "कशाला बांधलीय?"

"बियाण्याला," आई म्हणाली. "वाळला की बी काढून ठेवायचं. पुढच्या वर्षी मांडव त्या भिंतीकडे घेऊ, तिथं बैल येणार नाही." आणि ती भाजी चिरायला आत गेली.

मी तिथेच उभी राहिले. पुढच्या वर्षी! मग माझं लक्ष पुन्हा चिंधीकडे गेलं. तिचा रंग पावसाने पार उतरला होता. तांबड्याचा पांढुरका गुलाबी झाला होता, आणि दोडक्याच्या शिरांमधून खालपर्यंत गुलाबी ओघळ वाळले होते. एका रात्रीत किंवा दोन दिवसांत असं होत नाही. ती चिंधी श्रावणापासून तिथे होती. म्हणजे मी न्हाणीघरात रडत होते तेव्हा ती होती, मी देवाला सातचा आकडा ऐकवत होते तेव्हाही होती, आणि आमच्या मातोश्रींनी आम्हा दोघांना खुशाल लटकत ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी माझ्या पोटातून असं हसू फुटलं की मला ते घेऊन उभं राहवेना.

अण्णा बैलाचं उत्तर मिळाल्याबरोबर शिडी ठेवून कामावर गेले होते. त्यांनी चिंधी पाहिली नव्हती आणि 'पुढच्या वर्षी' हेही ऐकलं नव्हतं. मी अनवाणी, चिखलाच्या पायांनी, कुंपणातून, रुळांच्या कडेने केबिनपर्यंत धावले. खालून हाक मारली. अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ते रागवायच्या आधीच मी ओरडले, "अण्णा, आई बी ठेवतेय! दोडक्याचं! पुढच्या वर्षीला!"

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग डोकं आत गेलं. मला वाटलं, फोन वाजला असेल, गाडी येत असेल. मी दोन्हीकडे पाहिलं. अप लाइन मोकळी, डाउन लाइन मोकळी, घाटाकडून नुसतं धुकं वर येत होतं. आणि केबिनच्या खिडकीतून हिरवा बावटा बाहेर आला. पूर्ण हात लांब करून, साहेबाच्या स्पेशल गाडीला दाखवतात तसा, अण्णा तो माझ्यासाठी धरून उभे राहिले. मी सुटले ती घरी जाऊन आईच्या पाठीवर आदळेपर्यंत थांबले नाही.